एका आकड्याने न ठरणारा आजार : मुलीच्या ल्युपसच्या तपासण्यांचा अनुभव

बालवयातला ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार, एका तपासणीने सिद्ध होत नाही आणि एका तपासणीच्या भरवशावर त्याच्यावर लक्षही ठेवता येत नाही. डॉक्टरांनी ही गोष्ट आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितली होती. ती पुरती उमगेपर्यंत मात्र रिपोर्टांची एक जाडजूड फाइल भरली. माझ्या मुलीचे निदान झाले तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आज ती दहावीत आहे. या काळात कोणती तपासणी आजार ओळखण्यासाठी असते, कोणती त्याची चाल पाहण्यासाठी असते आणि कोणत्या आकड्याला कोणत्या आकड्याशेजारी ठेवून वाचायचे असते, हे मी एक आई म्हणून जसे शिकत गेले तसे येथे लिहीत आहे.

आम्ही चिपळूणचे. पावसाळ्यात ताप आला की आमच्याकडे पहिला विचार डेंगीचा आणि लेप्टोचा होतो, आणि तो रास्तच आहे. मुलीचा ताप आठवडा उलटला तरी उतरेना, आणि रक्तात पांढऱ्या पेशी २,९०० व प्लेटलेट ९२,००० निघाल्या, तेव्हा तिला दाखल केले होते त्या रुग्णालयात डेंगी धरूनच उपचार सुरू झाले. डेंगीत या दोन्ही पेशी कमी होतात, पण ताप गेल्यावर काही दिवसांत त्या आपल्याआप वर येतात. हिच्या आल्या नाहीत. डेंगी आणि लेप्टो दोन्हींच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या. सकाळी उठल्यावर तिला मूठ वळता येत नसे, वेणी घालताना कंगव्यात केसांचे पुंजके येत आणि तोंडात टाळूला एक व्रण होता, जो दुखत नसल्यामुळे तिने कधी सांगितलाच नव्हता.

तिला लहानपणापासून पाहणाऱ्या आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे आम्ही सगळे कागद घेऊन गेलो. त्यांनी शरीरातला दाह दाखवणाऱ्या दोनच आकड्यांवर बोट ठेवले. ईएसआर ८८ होता आणि सीआरपी फक्त ३. ते म्हणाले, “जंतुसंसर्गाचा एवढा ताप असता तर सीआरपी चांगलाच चढला असता. ईएसआर चढलाय, सीआरपी जागचा हललेला नाही. मला लघवी बघायची आहे.” या दोन आकड्यांमधली तफावत ल्युपसमध्ये पुष्कळदा दिसते. रक्तात प्रतिपिंडे वाढली की ईएसआर वाढतो. पण या आजारात शरीरात जास्त प्रमाणात तयार होणारे इंटरफेरॉन यकृतातल्या सीआरपीच्या निर्मितीला आवर घालते, असे मानले जाते. लघवीच्या रिपोर्टात प्रथिने तीन प्लस आणि लाल पेशी २० ते २५ निघाल्या. लघवीचा रंग साधा, पायांवर सूज नाही, जळजळ नाही, आणि तरीही मूत्रपिंडाला इजा होत होती. लघवीची ही साधी तपासणी इतक्या महागड्या चाचण्यांच्या गर्दीत तोवर कोणी सांगितलीच नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते. लांबलेला ताप आणि कमी झालेल्या पेशी असतील तेथे ती पहिल्या दिवशी व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

मुंबईत मुलांच्या संधिवाताच्या तज्ज्ञ डॉक्टर मॅडमनी प्रथम एएनए तपासायला दिले. पेशीच्या केंद्रकाविरुद्ध तयार झालेली ही प्रतिपिंडे. हेप-२ नावाच्या पेशी पसरलेल्या काचपट्टीवर रुग्णाच्या रक्तातला द्रव पातळ करत करत घालतात आणि किती पातळ केल्यानंतरही पेशी चमकतात ते पाहतात. मुलीचा रिपोर्ट १:६४० आला, म्हणजे ६४० पट पातळ केल्यावरही पेशी चमकत होत्या; चमकण्याची तऱ्हा होमोजिनियस, म्हणजे केंद्रकभर सारखी. मी हा रिपोर्ट हातात घेऊन रडले, तेव्हा मॅडमनी मला खुर्चीत बसवून समजावले, “ताई, एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस असे समजू नका. कमी प्रमाणातला एएनए अगदी निरोगी मुलांमध्येही सापडतो. निगेटिव्ह असता तर मी ल्युपसचा विचार जवळजवळ सोडला असता, एवढाच त्याचा उपयोग. एकदा पॉझिटिव्ह आला की पुन्हा करायचा नाही, कारण आजार वाढला काय आणि कमी झाला काय, त्याच्यावरून कळत नाही.” पुढे अनेक पालक भेटले, जे दर तीन महिन्यांनी मुलांचे एएनए करून घेत होते आणि तो आकडा तसाच राहिला म्हणून खचत होते. त्यांना मी हेच वाक्य सांगत आले आहे.

युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१९ मध्ये ल्युपसच्या वर्गीकरणाचे जे निकष प्रसिद्ध केले, त्यांत एएनए किमान १:८० असणे ही प्रवेशाची अट आहे; त्यानंतर प्रत्येक खुणेला गुण आहेत आणि एकूण १० गुण झाले की तो रुग्ण ल्युपसच्या वर्गात धरला जातो. मॅडमनी कागदाच्या पाठीवर आमच्यासमोर बेरीज मांडली. तापाचे २, प्लेटलेटचे ४, टाळूच्या व्रणाचे २, सांध्यांचे ६, लघवीतल्या प्रथिनांचे ४. एका गटातल्या दोन खुणा असतील तर मोठी तेवढीच धरायची, म्हणून पांढऱ्या पेशींचे ३ आणि केसगळतीचे २ गुण बाजूला राहिले. पुढचे रिपोर्ट यायच्या आधीच बेरीज १८ झाली होती. मात्र हे निकष मुळात संशोधनासाठी रुग्ण निवडताना एकवाक्यता राहावी म्हणून केलेले आहेत, निदान वैद्याच्या विचाराने होते आणि दहापेक्षा कमी गुण असलेल्या मुलालाही ल्युपस असू शकतो, हेही त्यांनी स्पष्ट केले.

मग आले ते दोन रिपोर्ट, ज्यांची नावे आमच्या घरात आता धाकट्या मुलालाही पाठ आहेत : अँटी-डीएसडीएनए, आणि सी३-सी४. पहिली प्रतिपिंडे दुपदरी डीएनएविरुद्ध असतात आणि ती एएनएपेक्षा ल्युपसकडे कितीतरी नेमके बोट दाखवतात. सी३ आणि सी४ ही रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिने. प्रतिपिंडे आणि डीएनए यांची जोडी होऊन ती मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकते, तेथे कॉम्प्लिमेंट खर्ची पडते आणि रक्तातला साठा घटतो. म्हणजे पहिला आकडा चढतो तेव्हा दुसरे दोन उतरतात. सी३ साधारण ९० ते १८० असायला हवे, मुलीचे ३८ होते. सी४ १० ते ४० हवे, ते ४ होते. अँटी-डीएसडीएनए खूपच चढलेले होते. आमचे लग्न नात्यात झाले आहे का, हेही मॅडमनी विचारले. आपल्याकडे मामेभावा-आतेबहिणींची लग्ने होतात, आणि सी१क्यू नावाचे कॉम्प्लिमेंट प्रथिन जन्मतःच नसेल तर फार कोवळ्या वयात ल्युपस होतो. अशा मुलांमध्ये हा दोष आईवडील दोघांकडून आलेला असतो. आमचे नाते नव्हते आणि मुलीचे वयही त्यामानाने मोठे होते, म्हणून त्या दिशेने पुढे जावे लागले नाही. रक्त गोठण्याशी संबंधित अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे मात्र तपासली, आणि पॉझिटिव्ह आली तर बारा आठवड्यांनी पुन्हा करावी लागतील असे सांगितले; ती निगेटिव्ह आली.

मुलांच्या बाबतीत एक आकडा विशेष फसवा असतो, तो म्हणजे क्रिएटिनिन. मुलीचे ०.९ होते आणि लॅबच्या कागदावर त्याच्यापुढे ०.६ ते १.२ अशी मर्यादा छापलेली होती. ठळक अक्षर नाही, बाण नाही, म्हणजे सगळे ठीक. पण ती मर्यादा मोठ्या माणसांची. क्रिएटिनिन स्नायूंतून येते आणि मूत्रपिंडे ते गाळून टाकतात; मुलांचे स्नायू कमी, त्यामुळे त्यांचे क्रिएटिनिनही कमीच असायला हवे. मॅडमनी मुलीला भिंतीला टेकवून उंची मोजली, १३८ सेंटिमीटर. ती ०.४१३ ने गुणली आणि ०.९ ने भागली. उत्तर ६३ आले. निरोगी मुलामध्ये हा आकडा ९० च्या वर असतो. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता बरीच घटली आहे हे सांगणारा तो आकडा लॅबच्या कागदावर कोठेच नव्हता. तेव्हापासून उंची मोजल्याशिवाय आमच्या घरात क्रिएटिनिनचा रिपोर्ट वाचला जात नाही.

एवढे सगळे दिसत असताना मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासायची काय गरज, असा प्रश्न तिच्या बाबांनी विचारला. बायोप्सीच्या नावाने आमच्या दोघांच्याही पोटात गोळा आला होता. उत्तर असे मिळाले की रक्त आणि लघवी आजार आहे एवढे सांगतात. तो कोणत्या वर्गाचा आहे आणि जी इजा दिसते आहे ती भरून येणारी आहे की कायमची, हे ऊतक पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि औषध त्यावरच ठरते. तिला पालथे झोपवून, सोनोग्राफीत पाहत, कमरेच्या वर डाव्या बाजूला सुई घातली आणि दोऱ्याएवढे बारीक दोन तुकडे काढले. त्यानंतर तिला उताणे, हालचाल न करता पडून राहायचे होते. प्रत्येक वेळची लघवी वेगळ्या पारदर्शक बाटलीत घेऊन, वेळ लिहून, परिचारिकेने त्या बाटल्या खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडल्या होत्या. पहिली चहाच्या रंगाची, दुसरी त्याहून फिकी, संध्याकाळपर्यंत नेहमीसारखी पिवळी. रंग उतरत चालला आहे म्हणजे आतला रक्तस्राव थांबतो आहे, असे तिने मुलीलाच शिकवले आणि मुलगी दर बाटलीचा रंग मागच्या बाटलीशी ताडून पाहू लागली.

बायोप्सीत वर्ग चार निघाला. ल्युपसच्या मूत्रपिंडविकाराचे सहा वर्ग २००३ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ठरवले आहेत, आणि तिसरा-चौथा हे जोमाने उपचार करावे लागणारे. आयजीजी, आयजीए, आयजीएम, सी३ आणि सी१क्यू हे पाचही घटक गाळणीत साठलेले दिसले. त्याखाली दोन गुणांक होते : सक्रियता २४ पैकी ९ आणि जीर्णता १२ पैकी १. मॅडमनी दुसऱ्या आकड्याभोवती गोल केला. आग मोठी आहे पण राख अजून झालेली नाही, हे त्यांचे शब्द. संपूर्ण फाइलमध्ये मला धीर देणारा तो पहिला आकडा होता.

उपचारांविषयी थोडक्यात लिहिते, कारण ते प्रत्येक मुलाचे वेगळे असतात. सलग तीन दिवस शिरेतून स्टिरॉइड, मग तोंडाने प्रेडनिसोलोन हळूहळू कमी करत नेणे, सोबत प्रतिकारशक्ती दाबणारे मायकोफेनोलेट आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विनसाठी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासणे. चेहरा सुजला, वजन वाढले, शाळेत मुलींनी विचारले. तो काळ तिने कसा काढला हे तीच लिहील तेव्हा लिहील.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त पॅथॉलॉजिस्ट काकांनी या काळात जुनी गोष्ट सांगितली. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्ह्ज यांनी अशा रुग्णांच्या अस्थिमज्जेत एलई पेशी पाहिली : दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळून बसलेली पांढरी पेशी. काका नोकरीला लागले तेव्हा हीच चाचणी होत असे. गोठलेले रक्त जाळीतून दाबून काढायचे, त्याची काचपट्टी करायची आणि अशी एखादी पेशी सापडते का म्हणून डोळे दुखेपर्यंत सूक्ष्मदर्शकात पाहत राहायचे. सापडली नाही तर आजार नाही असे म्हणता येत नसे, आणि सापडली तरी तो आता किती आहे हे कळत नसे. माझ्या मुलीच्या रक्ताचा एक थेंब एवढे सांगू शकतो यामागे किती माणसांची मेहनत आहे, याची जाणीव मला काकांच्या बोलण्याने झाली.

देखरेखीचा खरा भार लघवीने उचलला. चोवीस तासांची लघवी मुलांकडून नीट गोळा होत नाही, म्हणून एकाच नमुन्यातली प्रथिने आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर पाहतात. ०.२ च्या खाली चांगले, ०.५ च्या वर चिंतेचे. तिचे सुरुवातीला १.९ होते. नमुना सकाळी उठल्याउठल्याचा हवा, कारण वाढत्या वयातल्या काही मुलांच्या लघवीत दिवसभर उभे राहिल्याने किंवा खेळल्यानेही थोडी प्रथिने उतरतात आणि उगीच भीती वाटते. घरी आम्ही पट्ट्या वापरतो. पट्टी लघवीत बुडवून लगेच काढायची, कडेला टेकवून जादा थेंब झटकायचा, आडवी धरायची आणि प्रथिनांचा चौकोन बरोबर साठ सेकंदांनी बाटलीवरच्या रंगांशी जुळवायचा. पिवळा म्हणजे काही नाही, हिरवट झाला तर लिहून ठेवायचे, सलग दोन-तीन दिवस हिरवा राहिला तर फोन करायचा. उशिरा पाहिले तर रंग गडद होतो, आणि बाटलीचे झाकण उघडे राहिले तर आमच्या कोकणच्या दमट हवेत पट्ट्या खराब होतात.

एकदा मुंबईला जाणे जमले नाही म्हणून जवळच्या एका लॅबमध्ये रक्त दिले, आणि अँटी-डीएसडीएनए मागच्या वेळेच्या कित्येक पट आले. घरात सुतकी कळा पसरली. मॅडमनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो पद्धतीचा. ही तपासणी एलायझाने होते, इतर पद्धतींनीही होते. क्रिथिडिया नावाच्या एकपेशीय जीवाचीही पद्धत आहे, ज्याच्या शरीरात शुद्ध दुपदरी डीएनएची एक गाठ असते आणि प्रतिपिंडे असली तर तीच चमकते. प्रत्येक पद्धतीचे आकडे वेगळे, मर्यादा वेगळ्या. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही. सी३, लघवी, पेशी सगळे जागेवर होते, म्हणून औषध बदलले नाही. नेहमीच्या लॅबमध्ये पुन्हा केल्यावर आकडा पूर्वीसारखाच निघाला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात तिला ताप आला. औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेल्या मुलीचा ताप म्हणजे आजार उसळला की जंतू शिरले, हा प्रश्न, आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट. या वेळी सीआरपी ७४ होता आणि सी३ १०४. छातीच्या किंवा हृदयाच्या आवरणाला सूज आली तर ल्युपसमध्येही सीआरपी चढतो, म्हणून एक्स-रे आणि टू-डी इको करून ती शक्यता तपासली. फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया सापडला. प्रतिजैविकांनी ती बरी झाली, स्टिरॉइड वाढवावे लागले नाही.

याच्या अगदी उलट प्रसंग पुढच्या वर्षी आला. ताप नाही, सांधे दुखत नाहीत, मुलगी शाळेच्या खो-खोच्या संघात खेळते आहे, आणि सी३ उतरून ७१, त्याच लॅबमधले अँटी-डीएसडीएनए चढलेले, लघवीचे गुणोत्तर ०.१६ वरून ०.६२, लाल पेशी पुन्हा १२ ते १५. नुसते रक्तातले आकडे हलले असते तर मॅडमनी औषध न वाढवता तपासण्या जवळ आणल्या असत्या. लघवीने साथ दिली म्हणून त्यांनी पंधरा दिवसांत तपासणी पुन्हा करून खात्री केली. गोळ्या चुकत होत्या का, हे त्यांनी मुलीला एकटीला बसवून विचारले. चुकत नव्हत्या. मग त्यांनी उंची-वजन पाहिले आणि कारण सापडले. मायकोफेनोलेटचा डोस शरीराच्या आकारमानावर ठरतो. मुलगी भराभर वाढली होती आणि डोस जुनाच होता. तो वाढवला, स्टिरॉइड थोड्या काळासाठी वर नेले, आणि सहा महिन्यांत गुणोत्तर ०.२ च्या खाली आले. मोठ्या माणसांच्या ल्युपसमध्ये हा प्रश्न येत नाही. मुलांच्या ल्युपसमध्ये प्रत्येक आकड्यामागे वाढणारे शरीर असते.

सी४ बाबतही असाच अनुभव आला. सी३ नेहमीच्या मर्यादेत आले तरी सी४ ९ च्या वर कधी गेलेच नाही. सी४ ची जनुके प्रत्येक माणसात सारख्या संख्येने नसतात. कमी असतील तर आजार शांत असतानाही सी४ कमीच राहते. म्हणून हिच्यासाठी सी३ पाहायचे आणि सी४ च्या ९ ला घाबरायचे नाही, असे ठरले.

ज्याची मी मनापासून वाट पाहते ते लघवीतले नवे जैवसूचक, म्हणजे आजाराची चाल सांगणारी प्रथिने, आहेत. प्रथिने लघवीत उतरतात ती चालू दाहामुळे की जुन्या व्रणामुळे, हे आजचे गुणोत्तर सांगू शकत नाही, आणि दर वेळी मुलाला सुई टोचून बायोप्सी करता येत नाही. अमेरिकेत सिनसिनाटी येथे हर्मिन ब्रुनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनजीएएल, किम-१, एमसीपी-१, सेरुलोप्लाझ्मिन, अ‍ॅडिपोनेक्टिन आणि हिमोपेक्सिन या सहा प्रथिनांवरून मूत्रपिंडातला दाह मोजणारा ‘रेल’ नावाचा निर्देशांक मुलांच्याच नमुन्यांवर बसवला आहे. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या गटानेही अशाच प्रथिनांचा संच मुलांमध्ये अभ्यासला आहे. आमच्या नेहमीच्या तपासण्यांत हे अजून नाही. एका बाटलीभर लघवीतून बायोप्सीचे निम्मे उत्तर मिळू लागले, तर आमच्यासारख्या रात्रीच्या गाडीने मुंबई गाठणाऱ्या घरांना त्याचे मोल सर्वांत जास्त कळेल.

आता प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅमवर आले आहे आणि मॅडम मुलीशीच बोलतात, आम्ही मागे बसतो. तपासणीच्या वेळी अँटी-डीएसडीएनए पहिल्यांदाच निगेटिव्ह आले, तेव्हा तिने विचारले, “मॅडम, मग गोळ्या बंद?” मॅडम म्हणाल्या, “स्टिरॉइड अजून कमी करून पाहू. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मात्र चालूच राहील, कारण ती उसळी टाळणारी गोळी आहे.” दोन-तीन वर्षांत तिला मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जावे लागेल. त्यासाठी मॅडमनी तिच्याकडून एक पानाचा तक्ता तिच्याच हाताने लिहून घेतला आहे : बायोप्सीची तारीख, वर्ग चार, जीर्णता १, एएनए पुन्हा नको, अँटी-डीएसडीएनएची लॅब आणि पद्धत, उसळीच्या वेळचे सी३ ७१, शांत असतानाचे सी४ ९, क्रिएटिनिन उंचीसह. त्या पानाची एक प्रत फाइलच्या पहिल्या प्लास्टिकमध्ये आहे, दुसरी तिच्या दप्तरात.